त्या संध्याकाळच्या दुसऱ्या होड्या



संत मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूच्या एका दिवसाची हकिगत सांगतो. तो दिवस जवळजवळ सगळा होडीत जातो. काठावर गर्दी एवढी, की येशूला होडीत बसावे लागते. होडी पाण्यात, लोक काठावर. तिथूनच तो पेरणाऱ्याचा दाखला सांगतो, दिव्याचा सांगतो, मोहरीच्या दाण्याचा सांगतो. संध्याकाळ होते तेव्हा तो शिष्यांना पलीकडच्या काठाला चलण्यास सांगतो. ते त्याला आहे त्या स्थितीत घेऊन निघतात. घरी जाणे नाही, अंथरूण-पांघरूण नाही. दिवसभर बोलून दमलेला माणूस होडीच्या मागच्या बाजूला उशीवर डोके टेकतो आणि झोपतो. पुढचे वादळ आपल्या सर्वांना पाठ आहे.

वादळावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. पण त्याच जागी मार्कने एक लहानशी नोंद केली आहे. मत्तय आणि लूक यांनी ती गाळली आहे. येशूच्या होडीबरोबर आणखीही होड्या निघाल्या होत्या, असे मार्क सांगतो. किती होत्या, कुणाच्या होत्या, त्यांत कोण बसले होते, काही कळत नाही. वादळ सुटले तेव्हा त्यांचे काय झाले, तेही कळत नाही. एकदा उल्लेख झाला आणि त्या होड्या गोष्टीतून नाहीशा झाल्या. आज आपण त्यांच्याविषयी बोलणार आहोत.

आधी ते पाणी कसे होते ते पाहू. आपण त्याला गालील समुद्र म्हणतो, पण तो डहाणूच्या समुद्रासारखा नाही. ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. यार्देन नदी उत्तरेकडून त्यात शिरते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३ किलोमीटर; म्हणजे डहाणूहून घोलवडला जावे साधारण तेवढे अंतर. लूक तर त्याला सरळ सरोवरच म्हणतो. पण हे सरोवर समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरहून अधिक खाली, डोंगरांच्या मधल्या खळग्यात आहे. दिवसभर तिथली हवा तापते, आणि मग डोंगरांतल्या घळींतून थंड वारा एकदम खाली उतरतो. तेव्हा जन्म पाण्यावर गेलेले कोळीही घाबरतात. पेत्र आणि अंद्रेय, याकोब आणि योहान हे काही शहरातून सहलीला आलेले लोक नव्हते. ते ओरडले म्हणजे खरोखरच ओरडण्यासारखे वादळ असले पाहिजे.

१९८६ साली दुष्काळामुळे त्या सरोवराचे पाणी ओसरले. गिनोसार वसाहतीतल्या दोन मच्छीमार भावांना चिखलात एका होडीची कड दिसली. जपून उकरल्यावर आठ मीटरांहून थोडी लांब आणि सव्वादोन मीटर रुंद अशी जुनी होडी निघाली. तज्ज्ञांनी तिचा काळ येशूच्या काळाच्या आसपासचा ठरवला. तिच्यात डझनभर वेगवेगळ्या प्रकारचे लाकूड सापडले. मूळ फळ्या देवदाराच्या, फासळ्या ओकच्या, आणि मग जिथे फळी कुजली तिथे हाताला लागेल ते लाकूड ठोकलेले. काही तुकडे तर आधीच्या मोडक्या होड्यांचे. मालक श्रीमंत नव्हता हे सांगायला पंडित नको. ती येशूचीच होडी, असे कोणी जाणकार म्हणत नाही आणि आपणही म्हणू नये. पण त्या संध्याकाळच्या दुसऱ्या होड्या कशा असतील, हे मात्र ती पाहून कळते. ठिगळे लावलेल्या, चार-पाच माणसांचे पोट भरणाऱ्या.

आता थोडे आपल्या पाण्याकडे येऊ. गेल्या थंडीत आम्ही धर्मग्रामातले काही जण डहाणूच्या खाडीत एक दिवस शिडाच्या होडीतून फिरून आलो. तलासरीकडच्या पाड्यांवरची चार मुले होती. त्यांनी समुद्र पाहिला होता, पण पाण्यावर कधी बसली नव्हती. होडी एका मांगेला तांडेलकाकांची. वय सत्तरीच्या पुढे. होडीला इंजिन आहेच. आता इंजिनाशिवाय कोण जातो? पण काकांच्या घरी माळ्यावर त्यांच्या वडिलांच्या वेळचे शीड गुंडाळून ठेवलेले होते. मुलांना दाखवायचे म्हणून त्यांनी ते खाली काढले, उन्हात घातले, दोन ठिकाणी शिवले आणि डोलकाठीला बांधले.

होडीत पाय ठेवण्याआधी काकांनी प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट चढवले. एका मुलाला ते घट्ट होत होते, तो नको म्हणू लागला, तर काका म्हणाले, मग काठावर बस. त्यांचे बरोबर होते. १३ जानेवारी २०१८ रोजी याच डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांना फिरवायला नेणारी बोट उलटली आणि तीन मुली बुडून मेल्या. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी होड्या घातल्या म्हणून बाकीची पोरे वाचली. ज्या घरांतून त्या मुली गेल्या त्या घरांना विचारा, देव राखील म्हणून जाकीट न घालणे ही श्रद्धा आहे का. आपल्यात श्रद्धेच्या नावाखाली अशी बेपर्वाई पुष्कळ चालते, म्हणून हे इथे लिहिले.

निघायची वेळ काकांनी घड्याळात पाहून ठरवली नव्हती. त्या दिवशी नवमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. नऊची पाऊणपट पावणेसात. म्हणजे सकाळी पावणेसातच्या सुमाराला पाणी भरणार, मग ओहोटी लागणार, दुपारी एकच्या सुमाराला तळ गाठणार आणि पुन्हा संध्याकाळी चढणार. काही मिनिटे इकडेतिकडे. अष्टमी-नवमीला पाणीही भांगाचे, म्हणजे ओढ कमी, नवशिक्यांना बरे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ओहोटीचे पाणी आणि मतलई वारा दोन्ही एकाच दिशेने. इंजिन बंद, शीड वर. शीड चढले की आधी नुसते फडफडते. दोर ओढून बांधला की ते पोट धरते, आणि मग होडी एका कुशीवर किंचित कलून आवाज न करता सरकू लागते. मुले एकदम गप्प झाली. दोन्ही काठांना तिवरांची हिरवी भिंत, मागे औष्णिक वीजकेंद्राची चिमणी, बगळे, आणि फळीखाली पाण्याचा एवढासा आवाज.

एका मुलाने विचारले, काका, वारा पडला तर? काका म्हणाले, वल्हे. आणि वारा समोरून आला तर? काका म्हणाले, मग नांगर टाकायचा नि भाकर खायची. सगळे हसले. आम्ही प्रवचनकार मंडळी शिडाची उपमा फार वापरतो. शीड म्हणजे आपले मन, वारा म्हणजे पवित्र आत्मा. हिब्रू भाषेत वारा आणि आत्मा यांना शब्दही एकच आहे. उपमा खोटी नाही. पण ती सांगताना आपण असे दाखवतो की शीड उघडले की झाले. काका सबंध दिवसात वाऱ्याबद्दल फारसे बोललेच नाहीत. ते पाण्याकडे बघत होते. वारा सगळ्यांना कळतो, ते म्हणाले, खालचे पाणी कुठे चालले ते बघायला शिका.

दुपारी खाडीच्या मुखाशी पोहोचेपर्यंत पाणी उतरले आणि होडी चिखलात टेकली. आता भरती लागेपर्यंत आणि समुद्रावरचा खारा वारा सुटेपर्यंत बसून राहायचे. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, घोलवडचे चिकू. मुले चिखलातले निवटे बघण्यात रमली. आमच्याबरोबर तलासरीच्या बाजूच्या एक बाई आल्या होत्या. आपल्या धर्मग्रामातल्या एका कुटुंबाच्या नात्यातल्या, पण स्वतः ख्रिस्ती नाहीत. सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. तिथे, होडी रुतलेली असताना, त्यांनी काकांना विचारले, “काका, पाण्यात हद्द कशी कळते?”

काका थोडा वेळ थांबले. म्हणाले, “कळत नाही, बाय. यंत्र असते, ते तांडेलाकडे. खलाशी जाळ्याकडे बघतो.”

त्यांचा नवरा गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होता. बोट पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने पकडली. दोन वर्षांपासून तो कराचीला तुरुंगात आहे.

बंधुभगिनींनो, हे एका घराचे दुःख नाही. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतले वारली, कोकणा, धोडी अशा आदिवासी समाजांतले तरुण दरवर्षी पावसाळी बंदी उठली की ओखा, पोरबंदर, वेरावळकडच्या बोटींवर जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते. कुणाची घर शाकारण्यासाठी, कुणाची लग्नासाठी, कुणाची आजारपणासाठी. मग आठ-नऊ महिने पाण्यावर. कच्छच्या पुढे दोन देशांची सागरी हद्द आहे. ती कागदावर आहे, पाण्यावर नाही. किंबहुना सर क्रीक नावाच्या सुमारे ९६ किलोमीटरच्या एका खाडीवरून दोन्ही देशांत वाद असल्यामुळे तिथली सागरी सीमा दोघांनी मिळून कधी आखलीच नाही. मासळी जिकडे, जाळे तिकडे. बोट पकडली गेली की बोट जप्त, माणसे कराचीच्या मलीर तुरुंगात. शिक्षा बहुधा काही महिन्यांची असते. पण शिक्षा संपली म्हणून सुटका होत नाही. माणूस भारतीय आहे याची खातरजमा व्हावी लागते, दोन सरकारांचे संबंध बरे असावे लागतात. मे २०२३ मध्ये १९८ मच्छीमार सुटून वाघा सीमेवरून परत आले, तसे अधूनमधून घडते. आणि काही जण तिथेच मरतात, शवपेटी परत येते. बोट एका राज्याची आणि घर दुसऱ्या राज्यातले, त्यामुळे कागदासाठी बायकामाणसांना दोन्हीकडे फिरावे लागते. हातात बोटीचा नंबर नसतो, मालकाचे पूर्ण नावही नसते.

ही आजची दुसरी होडी. आणि आपल्यात एक कुजबुज आहे, ती आपण मोकळेपणाने बोलूनच टाकू: ते कुठे आपल्या चर्चचे आहेत? बहुतेक नाहीत, खरे आहे. पण मार्कची नोंद पुन्हा वाचा. दुसऱ्या होड्यांत कोण होते हे त्याने लिहिले नाही. ते शिष्य होते की नुसते बघे, येशूवर त्यांचा विश्वास होता की नव्हता, काही नाही. येशूने वाऱ्याला दटावले, पाण्याला गप्प केले आणि सरोवर शांत झाले. शांत झालेले पाणी एका होडीपुरते शांत होऊ शकत नाही. ज्या वाऱ्याने पेत्राच्या सोबत्यांची होडी भरत होती, त्याच वाऱ्याने त्याही भरत असणार, आणि वाचल्या त्याही त्याच शब्दाने. कोणी वाचवले हे त्यांतल्या किती जणांना कळले असेल? अंधारात, दोनशे हात लांबून? त्यांनी आभार मानल्याची नोंद नाही. येशूने मागितल्याचीही नाही.

आपल्या या भूमीला अशी दुसरी होडी नवीन नाही. तलासरीच्या पुढे हद्द ओलांडली की संजाण. इराणातून निघालेले पारशी तिथे उतरले. त्यांची कथा सांगणारा फारसी ग्रंथ ‘किस्सा-ए-संजाण’ इ.स. १६०० च्या सुमारास लिहिला गेला. त्यात असे आहे, की दीवहून निघाल्यावर त्यांच्या गलबतांना वादळाने गाठले. त्यांनी देवाचा धावा केला, सुखरूप उतरलो तर पवित्र अग्नी स्थापू असा नवस केला आणि वादळ शमले. पुढे संकटाच्या काळात तो अग्नी आपल्या डहाणू तालुक्यातल्या बहरोटच्या डोंगरावरील गुहांत लपवून ठेवला होता, अशी परंपरा आहे. आज तो उदवाड्याला आहे. त्या डोंगराखालच्या लोकांनी तेव्हा त्यांना, ‘तुमचा देव कोणता’ असे विचारून मग वाट दाखवली असेल, असे वाटत नाही.

पुन्हा त्या चिखलातल्या होडीकडे येतो, कारण तिथले एक वाक्य आम्ही विसरू शकत नाही. बाई बोलल्या आणि सगळे गप्प झाले. काय बोलावे हे आम्हा मोठ्यांना सुचले नाही. तेव्हा आठवीतला एक मुलगा, धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेली गोष्ट त्यांना सांगू लागला. येशू होडीत झोपला होता, वादळ आले, पाणी आत आले, मग तो उठला आणि वादळ थांबले. मुलांना गोष्ट घाईने सांगायची सवय असते. बाईंनी लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “उठवला कोणी?”

मुलगा म्हणाला, होडीतल्यांनी.

बाई म्हणाल्या, “हां.” आणि पाण्याकडे बघत बसल्या.

आपण इतकी वर्षे हे वचन वाचतो, पण हा प्रश्न आपण स्वतःला विचारला नव्हता. आपल्याला वाटते शिष्यांचे चुकले. येशू त्यांना भित्रे म्हणतो, विश्वास कुठे गेला असे विचारतो, आणि आपण मान डोलावतो. पण तो तसे विचारतो ते वादळ थांबवल्यानंतर. आधी तो उठतो. त्यांची प्रार्थना काही सुंदर नव्हती. तिच्यात स्तुती नव्हती, आभार नव्हते. आम्ही बुडतोय आणि तुला काही वाटत नाही का, असा तो सरळ आरोप होता. तरी तो उठला. स्तोत्रकर्त्यानेही देवाला अनेकदा असेच हलवून जागे केले आहे. दुःखात देवाला टोचून बोलणाऱ्या माणसाला गप्प करण्याची आपल्याकडे फार घाई असते. ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द आपण दुसऱ्याच्या तोंडावर हाताच्या तळव्यासारखे ठेवतो. नवरा परदेशच्या तुरुंगात असलेल्या बाईला ते ऐकवू नका.

आणि दुसऱ्या होड्यांतल्या लोकांना येशूला उठवता येत नव्हते. त्यांचा आवाज त्या वाऱ्यात पोहोचला नसता. तो त्यांच्या होडीत नव्हता. तो ज्यांच्या होडीत होता त्यांनाच ते करता आले, आणि त्यांनी केले ते स्वतःच्या जिवासाठी. आपण दर रविवारी वेदीभोवती जमतो, तो आपल्यात आहे असे म्हणतो, त्याचे शरीर हातावर घेतो. चर्चच्या लांबट मुख्य भागाला युरोपातल्या भाषांत जे नाव आहे, तेही लॅटिनमधल्या नौकेच्या शब्दावरून आलेले आहे. या नौकेत बसून आपण त्याला कशासाठी उठवतो? मुलाची परीक्षा, मुलीचे स्थळ, गुडघेदुखी. हेही मागावे, त्याला चालते. पण विश्वासूंच्या प्रार्थनेत मलीर हे नाव आपण कधी घेतले आहे का?

आता जून आहे. मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या आहेत. गुजरातकडे गेलेले खलाशी घरी आले आहेत, भाताच्या लावणीला हात लावत आहेत. ऑगस्टमध्ये ते पुन्हा जातील. जाऊ नका असे सांगणे आपल्याला सोपे आहे. उचल फेडायची त्यांना आहे, चूल त्यांची आहे. पण जाण्याआधी चार गोष्टी घरी लिहून ठेवता येतील: बोटीचे नाव आणि बाजूवर रंगवलेला नोंदणी क्रमांक, जो गुजरातच्या बोटींवर आयएनडी-जीजे अशा अक्षरांनी सुरू होतो, मालकाचे पूर्ण नाव, गाव आणि फोन, कोणत्या बंदरातून निघणार, आणि आधार कार्ड व मच्छीमार ओळखपत्राची प्रत. माणूस पकडला गेला तर ओळख पटवण्याचे काम याच कागदांवरून सुरू होते. हे कागद सापडले नाहीत म्हणून महिने जातात. ज्यांना लिहिता येते त्यांनी शेजारच्या पाड्यावर जाऊन एवढे करावे. आपल्या युवकांना या सुट्टीत दुसरे काम शोधण्याची गरज नाही.

२००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी एकमेकांच्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. १ जुलै जवळ आला आहे. त्याआधीच्या रविवारच्या मिस्सात आपण या माणसांची नावे घेऊन प्रार्थना करणार आहोत. त्यासाठी चर्चच्या मागच्या दारापाशी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या माहितीत असा कोणी खलाशी असेल, पकडला गेलेला किंवा सध्या ठावठिकाणा नसलेला, त्याचे नाव आणि पाडा लिहावा. लिहिता येत नसेल तर जवळ उभ्या असलेल्याला सांगावे. वहीत धर्माचा रकाना नाही. पेन दोऱ्याने बांधलेले आहे.